शक मुळात कुठले?

मे महिना लागला की आमच्या ब्रॅकनेलच्या गल्लीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात, शिंका आणि परीक्षा. गवताला तुरे येतात, वाऱ्यावर पराग उडतात, आणि शेजारची शाळकरी मुलगी हातात पुस्तक घेऊन मागच्या अंगणात येरझाऱ्या घालत सनावळ्या पाठ करते. मध्येच तिला शिंका येतात, मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन उभा असतो. नुकतंच कापलेलं गवत, लांबत चाललेला उजेड, कुणाच्या तरी घरातून ऐकू येणारं मोठ्यांदा वाचन. एके काळी हा ऋतू मला फार आवडायचा. आता त्याची चाहूलही नकोशी वाटते.

कारण माझ्यासाठी मे म्हणजे एडिनबरा. एकाच वर्षाचा, एकच मे.

त्या वर्षी मी ऑफिसातून रजा घेऊन माझ्या मुलीकडे, रेवाकडे राहायला गेलो होतो. तिची पीएचडी संपत आली होती, तोंडी परीक्षा महिनाअखेरीला होती आणि ती जेवत नव्हती. वृंदा, माझी बायको, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिला रजा मिळेना. ती म्हणाली, "तू जा. तिला काही विचारू नकोस. फक्त कुकर लाव." म्हणून मी कुकर घेऊन उत्तरेची ट्रेन पकडली.

रेवाचा विषय होता सिथियन. अडीच हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ मैदानांत घोड्यावर जगलेले लोक. इराणी लोक त्यांना आणि त्यांच्या भाईबंदांना सरसकट सका म्हणत. आपण ज्यांना शक म्हणतो, ते यांच्याच गोतावळ्यातले. रीडिंगच्या हॉस्पिटलात जन्मलेली, ब्रॅकनेलच्या शाळेत शिकलेली माझी मुलगी शकांच्या मागे लागली याची मला गंमत वाटायची. तिचं मराठी मोडकं. लिंगांशी तिचं जन्माचं वैर. 'तो हाड', 'ती डोकं', 'माझा आजी'. पण त्या मोडक्या मराठीत ती मला समजावून सांगायची तेव्हा विषय झगझगीत दिसायचा.

"बघ बाबा, वन ग्रुप म्हणतो ते लोक ईस्टकडून आले. पार अल्ताईच्या डोंगरातून, मंगोलियाच्या जवळून. दुसरा ग्रुप म्हणतो, नाही, ते तिथलेच होते, काळ्या समुद्राकडचेच. आणि दोघांकडे पुरावा आहे. तोच खरी प्रॉब्लेम आहे."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"माझी म्हणणं की ते एक लोक नव्हतेच. वेगवेगळ्या ठिकाणची माणसं, वेगवेगळा रक्त. पण घोडे सेम, बाण सेम, दागिन्यांवरचे हरणं सेम. एकत्र राहून राहून एक झाले. मूळ असा काही नाहीच."

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मी तिला ते सांगितलं तेव्हा तिने ते इंग्रजीत लिहून भिंतीवर चिकटवलं. खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'असहमत. नदीला मूळ असतंच. मी दाखवतो, ये.' ते अक्षर तारासचं.

तारास युक्रेनचा. दक्षिणेतल्या एका लहान गावच्या संग्रहालयात पुरातत्त्वाचं काम करायचा. तिकडच्या मैदानात कुर्गान असतात, म्हणजे मातीचे उंचवटे. त्यांच्या पोटात या लोकांनी आपले मेलेले पुरले, घोड्यांसकट. रेवा उन्हाळ्यात तिथे खणायला जायची, तिथेच दोघं भेटली. तो 'तिथलेच' म्हणणाऱ्या पक्षातला. मडकी बघ, म्हणायचा, त्यांच्याही आधीच्या लोकांची मडकी आणि ही मडकी, एका हाताची वाटतात. रेवा म्हणायची, मडकं शिकता येतं, रक्त नाही. ही भांडणं फोनवर तासन्‌तास चालायची. मी वृंदाला म्हणालो, "दोन हजार वर्षांत कुणी प्रेमात एवढी मडकी आणली नसतील." ती म्हणाली, "लग्न करतील ते."

युद्धाच्या आधी, एकदा तो आमच्याकडे आला तो नेमका पाडव्याला. आम्ही मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या खांबाला गुढी बांधली होती. तो तिच्याभोवती दोनदा फिरला, मग विचारू लागला. मी त्याला पंचांग उघडून दाखवलं, की आमचं वर्ष 'शके' म्हणून मोजतात, आणि सातवाहनांनी शकांना हरवलं म्हणून ही गुढी, अशी गोष्ट सांगतात. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"तुम्ही त्यांना हरवलंत, आणि वर्षं त्यांच्याच नावाने मोजता?"

"आमच्याकडे असंच असतं," वृंदा म्हणाली. "पाहुणे जातात, नाव राहतं."

मला काय हाक मारायची हा त्याला प्रश्न पडला होता. रेवाने सांगितलं, काका म्हण. तो लाल झाला. म्हणाला, आमच्याकडे लहान मुलं 'शी'ला 'काका' म्हणतात. मग बाबा म्हण, मी म्हणालो. तो आणखी लाल झाला. त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे म्हातारी बाई. आम्ही चौघं इतके हसलो की वृंदाची पुरणपोळी तव्यावर करपली. शेवटी तो म्हणाला, "शीपेक्षा म्हातारी बरी." आणि मला बाबा म्हणू लागला.

त्या दिवसाचा आता त्रासच होतो. सुखाच्या आठवणी दुःखात आधार देतात म्हणतात. मला तसा अनुभव नाही.

युद्ध सुरू झालं आणि तो सैन्यात गेला. रेवाने त्याला थांब म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. ती एडिनबराच्या लॅबमध्ये बसून जुन्या हाडांचे आकडे जुळवत राहिली. त्याचे निरोप यायचे, तुटक, कधी आठवड्यांच्या अंतराने. त्यातला एक तिने मला वाचून दाखवला होता. सपाट मैदानात उंच जागा म्हणजे फक्त कुर्गान. म्हणून दोन्हीकडचे सैनिक त्यांच्यावरच मोर्चे बांधतात. त्याने लिहिलं होतं, 'आम्ही कुर्गानमध्ये खंदक खणतोय. रेवा, मी आयुष्यात इतकं वाईट कधी खणलं नव्हतं.' सोबत फोटो होता. खंदकाच्या भिंतीत घोड्याच्या जबड्याचं हाड, आणि मापासाठी शेजारी उभा टोचलेला जेवणाचा चमचा. हाड बघून झाल्यावर त्याने ते तिथेच मातीने लिंपून टाकलं होतं. 'यांना पुन्हा कुणीतरी नीट खणेल,' असं त्याने लिहिलं.

त्या वर्षीच्या मार्चनंतर निरोप आले नाहीत. एप्रिलमध्ये त्याच्या आईने, हालिनाने कळवलं की तो बेपत्ता आहे.

बेपत्ता. लहानपणी सोलापूरला भिंतींवर चिकटवलेल्या कागदांत हा शब्द वाचायचो. तेव्हा वाटायचं, पत्ता नाही म्हणजे पत्ता चुकला. सापडेल. या शब्दात किती दिवस, किती महिने, किती माणसं कोंडलेली असतात ते मला एडिनबराच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कळलं.

घर जुन्या दगडी इमारतीत होतं. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. सकाळी समुद्राकडून धुकं यायचं. तिथे त्याला 'हार' म्हणतात. समोरची घरं, झाडं, डोंगर सगळं त्यात नाहीसं व्हायचं, आणि दुपारी पुन्हा जागच्या जागी उभं असायचं. डोंगरावर काटेरी झुडपांना पिवळी फुलं आलेली, त्यांना ओल्या खोबऱ्याचा वास. खालच्या मैदानात परीक्षा संपलेली पोरं गवतावर पडून हसत असायची, मांस भाजल्याचा धूर आमच्या खिडकीपर्यंत यायचा. इतका सुंदर मे मी या देशात पाहिला नव्हता. मला तो सहन होत नव्हता.

मी मऊ भात करायचो, मेतकूट घालून पुढे ठेवायचो.

"बाबा, फोर्स नको करू ना."

"चार घास."

"माझी घशातून खालीच जात नाही काही."

मग ती दोन घास खायची आणि कॉम्प्युटरकडे वळायची. रडत नव्हती. मला वाटायचं, रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. पाणी आणून दिलं असतं, डोक्यावर हात ठेवला असता. ती नुसती काम करत होती, आणि मी भांडी घासत होतो.

एका दुपारी ती म्हणाली, "मला क्वेश्चन्स विचार. एग्झॅमिनर हो." मी खुर्ची ओढून समोर बसलो, घसा खाकरला. मला एकच प्रश्न येत होता.

"सांगा बरं, हे लोक मुळात कुठले?"

तिने उत्तर सुरू केलं. पूर्वेचा पक्ष, स्थानिक पक्ष. ग्रीकांनी लिहून ठेवलेल्या उगमाच्या वेगवेगळ्या गोष्टी, त्यातल्या एकीत तर त्यांची मूळ आई अर्धी नागीण. स्थानिक पक्षाच्या बाजूने बोलताना तिचा आवाज बदलला. ती तारासचे शब्द वापरत होती, त्याच्यासारखा हात हलवत होती. "आणि मडकी बघितली तर," म्हणाली आणि थांबली. तिने हात खाली घेतला. मग म्हणाली, "बाबा, हे चॅप्टर मी त्याला हरवायला लिहिलं होतं."

त्याच आठवड्यात हालिनाचा व्हिडिओ कॉल आला. ती आपलं गाव सोडून पश्चिमेला, डोंगराजवळच्या एका गावात बहिणीकडे राहत होती. रेवाला तिची भाषा खणायच्या उन्हाळ्यांमुळे बऱ्यापैकी येते. मी शेजारी बसलो होतो, मला दिसली ती डोक्याला रुमाल बांधलेली, आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत शिक्षिका म्हणून शोभेल अशी बाई. ती शिक्षिकाच होती, भूगोलाची. बोलता बोलता तिने तोंड उघडून गालाला आतून बोट लावून दाखवलं. तिने डीएनएसाठी नमुना दिला होता. सापडलेल्या अवशेषांशी जुळतो का ते बघणार होते. मग तिने काहीतरी विचारलं. हालिनाने पुन्हा विचारलं. रेवा हळूहळू, अडखळत बोलली, आणि हालिना मान हलवत ऐकत राहिली, परीक्षेत नापास झालेल्या मुलाची सबब ऐकावी तशी.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"ती म्हणाली, तुला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा कळतं, तो कुठला, त्याची आई कुठली. मग माझ्या मुलाचा का नाही कळत?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, त्या लोकांना कोणीतरी पुरलं होतं."

तिच्या विषयातलं इतकं मला नंतर कधी काही कळलं नाही. त्या लोकांना पुरलं होतं. घोड्यासकट, बाणांसकट, वर माती रचून. ते कुठून आले यावर आज विद्वान भांडू शकतात, कारण कुणीतरी त्यांना जपून ठेवलं. आणि तिकडे नकाशे पुढ्यात घेऊन बसलेली माणसं त्याच हाडांवर हक्क सांगत होती, ही आमची, म्हणून जमीन आमची. त्या जमिनीत तारास कुठेतरी पडला होता, आणि त्याच्यावर कुणी हक्क सांगत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी धुकं दुपारीही हटलं नाही. मी विभागाच्या बाहेर बाकावर बसलो होतो. आत दोन परीक्षक आणि माझी मुलगी. मी देवाला काय सांगावं ते मला सुचेना. ती पास व्हावी असं म्हणायला जीभ वळेना, कारण मागायचं ते दुसरंच होतं, आणि ते मागायची हिंमत नव्हती. ती बाहेर आली तेव्हा तिच्यामागे तिच्या लॅबमधली मुलं होती, कुणी बाटली उघडली, प्लास्टिकचे पेले वाटले. सगळे हळू आवाजात अभिनंदन करत होते. त्यांनाही माहीत होतं.

"झालं?" मी विचारलं.

"पास. थोड्या करेक्शन्स आहेत." तिने पेला हातात धरला, आणि कुणी बघत नाहीसं पाहून गवतात रिकामा केला. "घरी जाऊया, बाबा."

दुरुस्त्या खरंच किरकोळ होत्या. दोन तक्ते, काही संदर्भ. आणि एक फोटो. खणलेल्या कुर्गानच्या आत मापाची लाल-पांढरी काठी धरून तारास उभा होता, उन्हाने डोळे बारीक केलेले, गुडघ्यापर्यंत माती. परीक्षकांनी शिरस्त्याप्रमाणे लिहिलं होतं, छायाचित्रात फक्त मापकाठी ठेवावी, व्यक्ती कापावी. त्यांना ती व्यक्ती कोण हे ठाऊक नव्हतं. त्यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

बाकी सगळं तिने दोन दिवसांत संपवलं. फोटो राहिला. मुदत जवळ आली. मी तोवर ब्रॅकनेलला परतलो होतो, पुन्हा गेलो. वृंदा फोनवर चिडली होती. "एवढी वर्षं घालवली, आणि एका फोटोसाठी? अरे, तू कर. दोन मिनिटांचं काम आहे." मी रेवाला म्हणालो, "दे मला. मी करतो." तिने कॉम्प्युटर माझ्याकडे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी आयुष्यभर ऑफिसात हेच काम केलं, पडद्यावरच्या चौकटी हलवल्या. चौकट ओढत त्याच्या खांद्यापर्यंत आणली. त्याची बोटं काठीवर होती. काठी ठेवायची तर बोटं राहणार होती. मी कॉम्प्युटर मिटला. रात्री वृंदाला तो फोटो पाठवला. तिने त्यानंतर तो विषय काढला नाही.

दुरुस्त्या गेल्या नाहीत. मुदत वाढवून दिली होती, तीही टळली. माझ्या मुलीच्या नावामागे डॉक्टर लागलं नाही. आता ती एडिनबरातच एका पेन्शन कंपनीत काम करते. लोकांचे पत्ते बदलते, वारसांची नावं चढवते. ठीक आहे, असं सगळे म्हणतात. ती शनिवारी पोहायला जाते, फोनवर हवापाण्याचं बोलते. तिचं मराठी जरा सुधारलंय. पूर्वी बोलताना धांदल असायची, म्हणून चुका व्हायच्या. आता ती सावकाश, बरोबर बोलते. मला ते बरोबर मराठी ऐकवत नाही.

या वर्षी मार्चमध्ये कळलं. नमुना जुळला. म्हणजे, जे सापडलं होतं त्याच्याशी जुळला. सगळं सापडलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी हालिनाला विचारलं होतं, आत्ता पुरायचं, की आणखी काही सापडेपर्यंत थांबायचं? तिने ते ठरवायला रेवाला फोन केला. मी त्या दिवशी योगायोगाने रेवाकडेच होतो. हालिना म्हणत होती, तू हाडांचं शिकलेली आहेस. मी थांबू का?

रेवाने तिला तपशील विचारले. कुठलं हाड, किती, कुठे सापडलं, आजूबाजूची जमीन कशी. किती तरी दिवसांनी मी तिचा तो आवाज ऐकला, कामाचा, नेमका. मग ती म्हणाली, "नका थांबू." हालिनाने पुन्हा काही विचारलं. रेवाने पुन्हा तेच दोन शब्द म्हटले. फोन ठेवून ती मोरीवर गेली आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली. ती मला म्हणाली, "मी त्याचा शेवट केला, बाबा. आत्ता. मी."

"तू नाही केलास."

"तिला थांबायचं होतं."

मी पुढे होऊन नळ बंद केला. 

त्याचं गाव आता पलीकडच्यांच्या ताब्यात आहे, म्हणून त्याला हालिना राहते तिथे, डोंगराजवळ पुरायचं ठरलं. जिथे तो कधी राहिला नव्हता. मैदानात वाढलेला मुलगा. रेवाला जायचं होतं आणि नव्हतंही. शेवटी हालिनाच म्हणाली, येऊ नकोस, रस्त्यात सायरन वाजतात, मला आणखी कुणाची काळजी नको.

गेल्या आठवड्यात, मेमधल्या एका स्वच्छ सकाळी, मी आणि रेवा एडिनबराला तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. ऑफिसात तिने दाताच्या डॉक्टरकडे जायचंय असं सांगितलं होतं. तो तिचा कायद्याने कुणी नव्हता. हालिनाच्या बहिणीने फोन उंच धरला होता. पडदा हलत होता. ओलं गवत, सफरचंदाची फुललेली झाडं, गुडघे टेकून बसलेली अनोळखी माणसं. गणवेशातले चौघे पुढे झाले. शवपेटी पूर्ण मापाची होती. त्यांनी वाकून, नेहमीच्या अंदाजाने, जोर लावून ती उचलली, आणि ती झटकन वर गेली, त्यांच्या खांद्यांच्याही वर. क्षणभर चौघेही तसेच राहिले, हात उंचावून. मग त्यांनी ती सावकाश खाली खांद्यावर घेतली.

हालिना जवळच्या सैनिकाशी काहीतरी बोलली. तो पोरसवदा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, समोर बघतच दोन-तीन शब्द उच्चारले.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"ती विचारतेय, जड आहे का."

"आणि तो?"

"हो म्हणाला," रेवा म्हणाली. "खूप जड आहे, म्हणाला."